मेंढी अंग घासते, तोल जातो. रक्त तपासून प्रायॉन सापडेल का?

साक्री तालुक्यातल्या एका तरुण पशुपालकाचा प्रश्न आहे. ठेलारी मेंढपाळाकडून घेतलेल्या मेंढ्यांपैकी तीन-साडेतीन वर्षांची एक मेंढी दोन महिने खांबाला, भिंतीला अंग घासत होती. पाठीवरची लोकर गेली, मग मागचे पाय लटपटायला लागले आणि ती मेली. ती पुरून टाकली. आता दुसरीचे तसेच सुरू आहे. मोबाइलवर शोधताना त्याला स्क्रेपी (मेंढीचा मेंदू बिघडवणारा जीवघेणा रोग) आणि प्रायॉन (तो रोग घडवणारे बिघडलेले प्रथिन) हे शब्द सापडले आणि झोप उडाली. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा तोच रोग का? उरलेल्या कळपात कोणाच्या अंगात तो लपून बसला आहे, हे रक्त तपासून कळेल का? आणि त्याच वाड्यात बांधलेल्या गाई उकिरड्यावरची हाडे चघळतात, त्यांना धोका आहे का?

भाऊ, मधला प्रश्न आधी घेतो, कारण पैसे वाया जायची भीती तिथेच आहे. जिवंत मेंढीचे किंवा गाईचे रक्त काढून आत प्रायॉन आहे का हे सांगणारी रोजच्या वापरातली तपासणी आज धुळ्यात नाही, पुण्यात नाही आणि परदेशातही नाही. कोणी कळपाचे रक्त मागत असेल तर कशासाठी, हे आधी विचारा.

ब्रुसेला किंवा पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) रक्तात पकडता येतो, कारण शरीर त्या जंतूशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर तपासणी चालते, कारण जंतूला स्वतःचे डीएनए किंवा आरएनए असते. प्रायॉनकडे यातले काहीच नाही. आपल्याच मज्जापेशींवर पीआरपी नावाचे एक प्रथिन असते, त्याची घडी बिघडली की प्रायॉन. शरीराला ते परके वाटतच नाही. त्यामुळे प्रतिपिंडे नाहीत, ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. बिघडलेली घडी शेजारच्या चांगल्या प्रथिनाला लागली की तेही बिघडते, विरजण लागलेल्या दुधासारखे. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हे नाव दिले तेव्हा निम्म्या शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नव्हता. १९९७ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळाले.

नव्या परीक्षा याच गुणावर उभ्या आहेत. प्रयोगशाळेत बनवलेले चांगले प्रथिन भांड्यात घ्यायचे, त्यात संशयित नमुन्याचा अंश टाकायचा, हलवत ठेवायचे आणि प्रथिन 'लागते' का ते पाहायचे. लागले तर मिसळलेला रंग चमकतो आणि यंत्र ती चमक मोजते. या तपासणीला आरटी-क्विक म्हणतात. याच कल्पनेवरचा पीएमसीए हा प्रकार त्याआधी, २००१ मध्ये आला होता. माणसातल्या सीजेडी या प्रायॉन रोगासाठी पाठीच्या मणक्यातले पाणी काढून आरटी-क्विक आज दवाखान्यातही करतात. हरणांमध्ये आणि मेंढ्यांमध्ये यावर भरपूर संशोधन चालू आहे. पण स्क्रेपीचा किंवा बीएसई या गाईंच्या प्रायॉन रोगाचा शिक्का मारायचा झाला, तर अजूनही मेंदूचा तुकडाच लागतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिपिंडांनी रंगवून पाहतात, किंवा प्रोटिनेज-के या पाचकाने पचवून उरलेले प्रथिन वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखायच्या तपासणीत पाहतात. चांगले प्रथिन पचून जाते, बिघडलेले उरते. सगळे निदान या एका फरकावर चालते.

इथे एक गोंधळ दूर करतो. इंग्लंड-अमेरिकेच्या संकेतस्थळांवर 'स्क्रेपीसाठी रक्ततपासणी' असे दिसते. ती खोटी नाही, पण ती संसर्ग शोधत नाही. ती मेंढीची आनुवंशिकता पाहते. पीआरपीच्या जनुकात १३६, १५४ आणि १७१ या तीन जागा महत्त्वाच्या आहेत. तिथे एआरआर असा संच दोन्ही बाजूंनी असलेल्या मेंढीला नेहमीची स्क्रेपी सहसा होत नाही. व्हीआरक्यू असेल तर फार लवकर होते. तिथले लोक या तपासणीवर मेंढे निवडतात. तुमच्या मेंढीला आज रोग आहे का, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

जिवंत मेंढीत खरेच काही पाहायचे असेल, तर एक वाट आहे. नेहमीच्या स्क्रेपीत प्रायॉन मेंदूत पोहोचण्याच्या बराच आधी लसिकापेशींच्या गाठींत साठतो, म्हणजे टॉन्सिलमध्ये, डोळ्याच्या तिसऱ्या पापणीत, गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात. गुदद्वारापासून जेमतेम बोटाच्या पेरभर आत, बधिर करणारी जेली लावून, नखाएवढा अस्तराचा तुकडा कापून घेतात. मेंढी उभीच असते, फार कुरकुर करत नाही. पण त्या तुकड्यात गाठी पुरेशा हव्यात. मेंढी म्हातारी असेल तर गाठी कमी मिळतात आणि तपासणी 'सांगता येत नाही' असे म्हणते. काही आनुवंशिक संचांच्या मेंढ्यांत रोग असूनही गाठी रिकाम्या राहतात. एकेका मेंढीचा निकाल म्हणून ही तपासणी कच्ची आहे. पूर्ण कळपात रोग आहे की नाही हे पाहायला चांगली आहे.

गाईत हीसुद्धा सोय नाही. ब्रिटनमध्ये वासरांना आजारी गाईचा १०० ग्रॅम मेंदू खायला घालून ठरावीक महिन्यांनी एकेक कापून पाहिले. सहाव्या महिन्यापासून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात प्रायॉन मिळाला. मेंदूत तो दिसला ३२व्या महिन्यात, लक्षणे आली ३५व्या महिन्यापासून. म्हणजे संसर्ग झालेल्या त्या वासरांचा मेंदू अडीच वर्षे तपासला असता तरी उत्तर 'निगेटिव्ह' आले असते. शेतात खाल्लेली मात्रा याहून फार कमी असते, म्हणून तिथे रोग दिसायला सरासरी पाच वर्षे लागत. तरुण, धडधाकट जनावर तपासून मिळालेल्या 'निगेटिव्ह' अहवालाला मी फारशी किंमत देत नाही, ती यामुळे.

आता तुमची मेंढी. स्क्रेपी असेल का? असू शकते, पण रांगेत तिचा नंबर खूप मागे आहे.

खाजणाऱ्या मेंढीत मी पहिल्यांदा खरूज शोधतो. लोकर गेलेल्या जागेच्या मधोमध काही मिळत नाही. किडे असतात कडेला, जिथे लोकर अजून आहे आणि तळाशी पिवळट ओलसर खपली आहे. बोथट ब्लेडने तिथे रक्त पाझरू लागेपर्यंत खरवडायचे, खरवड १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडी गरम करायची आणि भिंगाखाली पाहायचे. सोरॉप्टीस हा खरजेचा किडा असेल तर त्याचे लांब पाय दिसतात. सोबत उवा आणि गोचीडही पाहून घ्यायचे. पाठ खाजवली की मेंढी मान वर करून ओठ चाटते, हवेत चावल्यासारखे करते. पुस्तकात हे स्क्रेपीचे लक्षण म्हणून दिले आहे, पण खरजेची मेंढीही अगदी तसेच करते. तेवढ्यावर घाबरू नका. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सात दिवसांच्या अंतराने दोनदा देऊन खाज थांबली, तर विषय तिथेच संपला. मात्रा डॉक्टरच ठरवतील, आणि औषध दिल्यावर त्या मेंढीचे मटण किती दिवस विकायचे नाही तेही त्यांनाच विचारा.

तोल जाणे हा वेगळा मुद्दा आहे. आपल्याकडे मेंढीचा तोल जायची कारणे पुष्कळ आहेत. कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी मेंदूत पाण्याचा फोड करते, तेव्हा मेंढी एकाच बाजूला गरगर फिरते. ही बहुतेक दोन वर्षांच्या आतली असते आणि कवटी कधी कधी अंगठ्याखाली दबते. बुरशी आलेला मुरघास खाऊन लिस्टेरिया झाला तर चेहऱ्याची एक बाजू लोंबते. धान्य किंवा मळी एकदम जास्त झाली की थायमिन कमी पडून जनावर आकाशाकडे पाहते. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात चारा कमी पडला तर विषबाधेसारखी लक्षणे येतात. माश्यांमुळे पसरणारा सर्रा आहे. कपाशीवरच्या फवाऱ्याचे औषध बांधावरच्या गवतात उतरलेले असते. आणि पिसाळलेले कुत्रे चावलेले असते, जे कोणी पाहिलेलेच नसते. यातले बहुतेक रोग दिवसांत किंवा आठवडाभरात निकाल लावतात. स्क्रेपी महिने घेते, ताप नसतो, आणि ती बहुधा दोन ते पाच वर्षांच्या मेंढीला होते. वय आणि संथपणा या दोन गोष्टी तुमच्या मेंढीशी जुळतात, म्हणूनच मी हे उत्तर इतके लांबवतो आहे.

भारतात स्क्रेपी कधी सापडलीच नाही, असे सांगणारे भेटतील. कुमाऊंच्या पायथ्याच्या मेंढ्यांत ती सापडल्याची नोंद १९६१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलेली आहे. बीएसई मात्र भारतात आढळलेला नाही आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला 'नगण्य जोखीम' हा दर्जा दिला. तो दर्जा मला योग्य वाटतो, कारण आपण गाईला गाईचीच हाडे दळून घालणारा उद्योग कधी उभा केला नाही. ब्रिटनने केला. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे रोग ओळखला गेला, जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना मांस-हाडांची भुकटी घालायला बंदी आली, तोवर साखळी इतकी पसरली होती की पुढे १ लाख ८० हजारांवर गाई आजारी नोंदल्या गेल्या. मार्च १९९६ मध्ये तो माणसात आल्याचे जाहीर झाले. ब्रिटनमध्ये त्याने १७८ जण गेले.

पण बीएसई नसणे आणि स्क्रेपी न शोधणे या दोन गोष्टी मी एकत्र करणार नाही. आपल्याकडे लटपटून मेलेल्या मेंढीचे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. मेंढपाळ म्हणतो, "येले वारं लागनं." वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या शेतात बसवायचा असतो, थांबायला वेळ नसतो. मेंढी नाल्यात जाते, डोके कुत्री खातात. डॉक्टरला कळलेच तर रेबीजचा संशय येतो आणि पुरायला सांगितले जाते. मेंदू कोणी काढत नाही.

माझा आग्रह इथेच आहे. खानदेशात प्रायॉन शोधायचा असेल तर धडधाकट कळपांची रक्ते गोळा करू नका. रेबीजसाठी काढलेले आणि रेबीज 'निगेटिव्ह' आलेले मेंदू पाहा. मज्जासंस्थेची लक्षणे दाखवून मेलेले, पण रेबीज नसलेले मोठे जनावर, यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. नमुना बराचसा तोच लागतो, हे आम्हा पशुवैद्यकांनाही अनेकदा माहीत नसते. रेबीजसाठी मेंदूचा देठ आणि लहान मेंदू लागतात. प्रायॉनसाठीही तेच लागतात. देठात ऑबेक्स म्हणून एक जागा आहे, जिथे मेंदूची चौथी पोकळी मिटून मज्जारज्जूच्या बारीक नळीत जाते. वरून पाहिले तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण दिसते. नेहमीची स्क्रेपी आणि बीएसई तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिसतात. १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेला स्क्रेपीचा वेगळा प्रकार मात्र लहान मेंदूत जास्त आणि ऑबेक्सपाशी कमी असतो. म्हणून दोन्ही हवेत. रेबीजवाल्यांनी ते आधीच काढून ठेवलेले असतात.

काढायला कवटी फोडायचीही गरज नाही. मान आणि कवटी यांच्या सांध्यावर डोके वेगळे केले की मागचे मोठे भोक दिसते. त्यातून लांब दांड्याचा, धारदार कडेचा चमचा देठाच्या कडेने फिरवून नसा सोडवायच्या आणि देठ ओढून घ्यायचा, मग चमचा वर वळवून लहान मेंदूचा भाग आणायचा. कुऱ्हाड, करवत नको, शिंतोडे उडतात. हे काम रेबीजची लस आधी घेतलेल्या पशुवैद्यकानेच, दुहेरी हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल घालून करायचे. भाऊ, तुम्ही स्वतः डोक्याला हात लावू नका. प्रायॉनचा धोका लांबचा आहे, रेबीजचा त्याच दिवसाचा.

नमुन्याचा अर्धा भाग बर्फात, अर्धा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. रेबीजला ताजा लागतो. फॉर्मेलिनमध्ये प्रायॉन मरत नाही, हे बाटली हाताळणाऱ्यांनी लक्षात ठेवायचे. इथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि दुपारी मेलेल्या जनावराचा मेंदू संध्याकाळी पातळ झालेला असतो. रेबीजच्या चमकणाऱ्या रंगाच्या तपासणीला असा नमुना बाद होतो. प्रायॉनचे प्रथिन मात्र सडण्याला दाद देत नाही, ब्लॉटवर ते तरीही दिसते. फक्त लगद्यात ऑबेक्स नेमका कुठे होता ते ओळखू येत नाही. उन्हाळ्यातला 'खराब' म्हणून फेकलेला नमुना या कामाला चालू शकतो.

कोणते जनावर तपासायचे याचा एक जुना हिशेब सांगतो. जागतिक संघटनेने २०२३ मध्ये नियम बदलेपर्यंत बीएसईच्या पाळतीत गुण मोजले जात. चार ते सात वर्षांची गाय धडधाकट असताना कत्तलखान्यात तपासली तर ०.२ गुण. तीच आपसूक मेलेली असेल तर ०.९. आणि मज्जासंस्थेची लक्षणे दाखवणारी असेल तर ७५० गुण. एका लटपटणाऱ्या गाईची किंमत पावणेचार हजार धडधाकट गाईंएवढी!

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, गाईंची आधीपासून होतीच. त्यामुळे गाय-बैल पांजरपोळात किंवा दावणीला म्हातारे होऊन मरतात. बीएसईचे दोन अनियमित प्रकार आहेत, ते खाद्यातून न येता म्हाताऱ्या गाईत, बहुधा आठ वर्षांच्या पुढे, आपोआप उद्भवतात असे आज मानले जाते. ब्राझीलला २०२१ आणि २०२३ मध्ये असेच सापडले आणि चीनकडची मांसनिर्यात काही काळ थांबली. म्हातारी गुरे इतकी आणि पांजरपोळ इतके असलेल्या आपल्या भागात तिथले उठत नसलेले, पडून मेलेले जनावर पाळतीसाठी फार मोलाचे आहे. विश्वस्तांना 'गाईचे डोके हवे' असे सांगितले तर ते दार लावतील. रेबीजचे कारण सांगितले तर बहुतेक ऐकतात, आणि ते कारण खरेही आहे.

आता तुमच्या हाडे चघळणाऱ्या गाई. याचे कारण फॉस्फरसची कमतरता. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर असलेल्या गाई हाडे, चपला, माती, काहीही चघळतात. प्रायॉनच्या आधी त्यांना हाडाला चिकटलेल्या सडक्या मांसातून बॉटुलिझम ही विषबाधा होईल. गाय जीभ लोंबवून, मान टाकून दोन-चार दिवसांत मरते. उकिरडा कुंपणात घ्या आणि खनिज मिश्रण सुरू करा. पिशवीवर आयएसआय खूण पाहा, डायकॅल्शियम फॉस्फेट कशापासून केले ते दुकानदाराला विचारा. खडकातले असेल तर प्रश्नच नाही. हाडातले असले तरी प्रथिन आणि चरबीचा अंश नसेल तर आंतरराष्ट्रीय नियमात ते सुरक्षित धरतात. फळबागेसाठी आणलेल्या हाडांच्या खताची पोती मात्र गोठ्यात ठेवू नका, गाई ती चाटतात. तयार पशुखाद्यात गुरा-डुकरांचे मांस, हाडे किंवा रक्ताची भुकटी घालायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. कोंबडीचे खाद्य स्वस्त पडते म्हणून गाईला घालणारे मी पाहिले आहेत. कोंबडीला ही मनाई लागू नाही, म्हणून ते गाईच्या गव्हाणीत नको.

घरच्यांची काळजी थोडक्यात. स्क्रेपी माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. गाईच्या दुधातून बीएसई जात नाही. मेंढीच्या दुधातून स्क्रेपी कोकराला जाऊ शकते, आणि त्याहून मोठा मार्ग म्हणजे विताना पडलेली जार आणि पाणी. मेंढी ज्या जागी व्याली ती जागा वर्षानुवर्षे संसर्ग धरून ठेवू शकते. आइसलंडमध्ये सगळा कळप मारून, गोठा धुऊन, १६ वर्षांनी नव्या मेंढ्या आणल्या तरी रोग परत आल्याची नोंद आहे. फिनेल, स्पिरिट, उकळते पाणी यांचा उपयोग नाही. तीव्र कॉस्टिक सोडा किंवा तीव्र ब्लीच तासभर लागते.

म्हणून आजपासून दुसरी मेंढी वेगळी बांधा. विकू नका, कापू नका. तिची आई, बहिणी, पिल्ले कोणती आणि कोणत्या वाड्यातून आली ते लिहून ठेवा. रोग निघालाच तर सगळ्यात आधी हेच विचारले जाईल. कळपात कोणीही व्याली की जार कुत्र्यांच्या तोंडी न देता जाळा. १९६२ वर फोन करून फिरते पथक बोलवा आणि आधी खरूज तपासून घ्या. फोनवर नुसते 'खाज येते' म्हणू नका, नाहीतर मलम सांगतील. 'खाजेबरोबर तोल जातो, ताप नाही, याच कळपात एक अशीच दोन महिने आजारी राहून मेली' असे सांगा. स्क्रेपी २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा संशय कळवणे तुमचे कर्तव्य आणि त्याची दखल घेणे त्यांचे. औषधाने मेंढी सुधारली तर छानच. नाही सुधारली आणि मेली, तर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा, नमुना पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ द्या. आणि पाठवण्याच्या अर्जावर 'रेबीज निगेटिव्ह आल्यास प्रायॉनसाठी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवावे' ही ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या. अशी ओळ नसेल तर नमुना रेबीजवरच थांबतो.